पाणी अडले, जिरले. आता उपशाचे काय? (कोरडवाहू गावांतील अनुभवांवर चर्चा)

शिवारफेरी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील, पर्जन्यछायेतल्या एका गावात माझी साडेचार एकर जमीन आहे. त्यातली निम्मी मुरमाड आणि उरलेली मध्यम काळी. आमच्या गावाने २०१७ आणि २०१८ च्या उन्हाळ्यांत मोठ्या उत्साहाने श्रमदान केले. डोंगरउतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीतले लांब खड्डे) खणले, शेतांची बांधबंदिस्ती केली, ओढ्यावरच्या जुन्या माती नाला बांधांमधला गाळ काढला. माथा ते पायथा या क्रमानेच सारे केल्यामुळे ते काम आजही टिकून आहे.

पहिली काही वर्षे विहिरींना मे महिन्यापर्यंत पाणी राहिले. त्या पाण्याच्या भरवशावर गावात डाळिंब आणि उन्हाळी कांदा वाढला, काही जणांनी ऊस लावला आणि बोअर घेण्याची जणू चढाओढ लागली. आता चर आहेत, बांध आहेत, पाऊसही वर्षाच्या बेरजेत फारसा कमी नाही, तरी माझ्या विहिरीचा तळ फेब्रुवारीत दिसू लागतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पावसाने महिनाभर दडी मारली, तेव्हा ज्यांच्याकडे सहाशे-सातशे फुटांचे बोअर होते त्यांच्या बागा तगल्या आणि आम्हा उथळ विहीरवाल्यांच्या मुगाच्या शेंगा भरल्याच नाहीत.

श्रमदान सर्वांनी केले, त्यात भूमिहीन कुटुंबेही होती. मग त्या पाण्याचा लाभ कोणाला मिळाला, आणि पावसाचे वेळापत्रक असे बिघडलेले असताना लहान शेतकऱ्याच्या वाट्याला तो कसा येईल, यावर जाणकारांनी लिहावे. केवळ ‘आणखी बंधारे बांधा’ असे उत्तर अपेक्षित नाही.

मुरमाड

शिवारफेरी, तुम्ही सांगितले ते बऱ्याच गावांत घडते आहे आणि त्याचे कारण जमिनीखाली आहे.

आपला प्रदेश काळ्या पाषाणावर वसलेला आहे. या पाषाणाच्या वरच्या झिजलेल्या थरात, म्हणजे मुरमात, आणि त्याखालच्या भेगांत मावेल तेवढेच आपले भूजल. खडकाच्या आकारमानाच्या मानाने काढता येण्याजोगे पाणी साधारण १ ते ३ टक्के असते. एक हजार हेक्टरच्या शिवारात विहिरींची पातळी एक मीटरने वाढली, तर २ टक्क्यांच्या हिशेबाने ती फक्त २० कोटी लिटरची भर ठरते. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण तो किती लवकर संपतो हे पिकांच्या हिशेबात कळेल. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या जमिनीसारखा साठा आपल्याकडे नाही. दरवर्षी भरायचे आणि दरवर्षी उपसायचे, एवढीच आपली ऐपत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चर आणि बांध यांनी भरतो तो उथळ थर, ज्यावर तुमची विहीर जगते. खोल बोअर हा थर भेदून खालच्या भेगांपर्यंत जाते. वरच्या भागाला केसिंग, म्हणजे छिद्राच्या कडेने बसवायचा पाइप, नीट बसवलेले नसेल, तर उथळ थरातले पाणी त्याच छिद्रातून खाली उतरते आणि मोटार लावण्याआधीच शेजारची विहीर खाली जाऊ लागते. श्रमदानाने भरलेला साठा असा खोल बोअरवाल्याच्या हाती जातो. त्यात कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही, खडकाची रचनाच तशी आहे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी चार वेळा मोजते. गावाने आपल्या निवडक विहिरींची तशीच नोंद ठेवली, तर वाद अंदाजावर चालणार नाही.

माणदेशी

मुरमाड सर, खडकाचे पटले. परंतु पुढे काय? आमच्या भागातही असे धागे निघाले की शेवट हिवरे बाजारावर होतो. एका गावाला खंबीर सरपंच लाभला, म्हणून बाकीच्या चाळीस हजार गावांनी ऊस सोडावा, ही अपेक्षा भाबडी आहे. ज्याने कर्ज काढून डाळिंब लावले आणि तेल्या रोगातून कशीबशी बाग वाचवली, त्याला ग्रामसभेत उभे करून ‘बोअर बंद कर’ असे सांगणारा माणूस मला दाखवा. शिवाय बहुतेक गावांत पहिला ऊस पुढाऱ्याच्याच शेतात असतो.

नाला_बांध

माणदेशी दादा, तुमची शंका रास्त आहे, पण हिवरे बाजारची गोष्ट आपण बहुतेक वेळा अर्धीच सांगतो. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान स्वीकारले, डोंगर हिरवा झाला, इथे ती गोष्ट संपते. खरे वेगळेपण यानंतरचे आहे. सिंचनासाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, आणि दरवर्षी पावसाळा संपला की पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून त्याप्रमाणे रब्बीची पिके ठरवायची. पाऊस कमी झाला की उन्हाळी पिकांवर पहिली काट बसते. गावाने पैसा दुधातून आणि भाजीपाल्यातून उभा केला. पाणलोटाची कामे शेकडो गावांत झाली. मागणीला लगाम घालणारी गावे मात्र हाताच्या बोटांवर मोजता येतात.

हा ताळेबंद अवघड नाही. एक हजार हेक्टरचे शिवार आणि ५०० मिलिमीटर पाऊस धरू. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर, त्यामुळे एकूण पाऊस ५०० कोटी लिटर. त्यातला मोठा भाग पिके, गवत आणि ऊन घेते, काही वाहून जाते, आणि काळ्या पाषाणात साधारण दहावा हिस्सा भूजलात उतरतो असे धरले तर हाती ५० कोटी लिटर राहतात. दीड हजार लोकसंख्येला माणशी रोज ५५ लिटर धरल्यास वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर लागतात आणि जनावरांसाठी आणखी कोटभर. उरले ४६ कोटी.

आता एक हेक्टर उसाला वर्षाला साधारण २ कोटी लिटर पाणी लागते. पावसाने पाव वाटा उचलला असे उदारपणे धरले, तरी विहिरीतून दीड कोटी द्यावे लागतात. म्हणजे ३० हेक्टर ऊस लावला की अख्ख्या गावाचे भूजल संपले. तेच पाणी ज्वारी किंवा हरभऱ्याला फुलोऱ्याच्या सुमारास ६० मिलिमीटरचे एक संरक्षित पाणी, म्हणजे पीक वाचवण्यापुरती एकच पाळी, म्हणून दिले, तर हेक्टरी ६ लाख लिटरप्रमाणे ते साडेसातशे हेक्टरांना पुरते. वाहून नेताना एक तृतीयांश वाया गेले तरी पाचशे हेक्टर कुठे गेले नाहीत. तीस हेक्टर विरुद्ध पाचशे हेक्टर, हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहावा. मी तो दोन-तीन गावांत लिहिलेला पाहिला आहे आणि त्यानंतरची शांतता बरीच बोलकी असते. शांततेतून लगेच ठराव होतो असे मात्र नाही.

करडई

मी धाराशिव जिल्ह्यातली, बचत गटांबरोबर काम करते. नाला_बांध दादांच्या हिशेबात एक भर घालावीशी वाटते. आपण सारे विहिरीतल्या पाण्याबद्दल बोलतो आहोत, पण ज्या बाईच्या नावावर विहीरच नाही, तिच्यासाठी मातीतली ओल हाच साठा आहे.

रब्बी ज्वारी हे पीक मुळात त्या ओलीवर वाढते. पावसाळ्यात शेताला उताराच्या आडवे वाफे पाडून पाणी जागीच मुरवले, आणि पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपण्या केल्या (ओळींमधली वरची माती कोळप्याने हलवली), तर भारी जमिनीत विहिरीचा थेंबही न देता कडबा आणि दाणा दोन्ही पदरात पडतात. शेवटची कोळपणी दातेरी कोळप्याने करायची, म्हणजे भेगा बुजतात. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे जुनी माणसे उगाच म्हणत नसत. बैलजोडी गेली तशी ही तिसरी कोळपणीही गेली, कारण ज्वारी गुडघ्याच्या वर गेल्यावर ट्रॅक्टर शेतात घालता येत नाही. आमच्या एका गटाने म्हणून दोन बैलजोड्या सामायिक ठेवल्या आहेत. गावातल्या बागायतदारांना त्याचे हसू येते. २०२३ च्या रब्बीत मात्र कडब्याची विचारणा करायला तेच आले.

वाणांचेही तसेच आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा आणि भारीसाठी फुले वसुधा असे वेगवेगळे वाण दिले आहेत. दुकानात मिळेल ते बियाणे सगळ्या जमिनींत पेरण्यापेक्षा गटाने आपल्या शिवाराप्रमाणे बियाणे राखून ठेवले तर दरवर्षीचा खर्च वाचतो. मालदांडी तर घरोघरी होतीच.

आमच्या भागात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने महिलांसाठी ‘एक एकर’ शेतीचा विचार रुजवला, ज्याला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिकही मिळाले. घरच्या जमिनीपैकी एक एकर, आणि कधी अर्धाच, बाईने मागून घ्यायचा. त्यात काय पेरायचे ते तिने ठरवायचे. तिथे सहसा सोयाबीन नसते. ज्वारी, तूर, हरभरा, करडई, भाज्या असे घरात खाल्ले जाणारे मिश्र पीक असते. पाऊस उलटला तरी त्यातले काहीतरी हाती लागते. जमीन मागताना नवऱ्याशी, सासऱ्याशी जी बोलणी करावी लागतात ती कोणत्याही प्रकल्प अहवालात येत नाहीत, पण खरी अडचण तीच असते. मिळते ती जमीनही बहुधा बांधाकडेची, दगडगोट्यांची.

शिवारफेरी

करडईताई, बैलजोडीची कल्पना मनापासून आवडली. आमच्याकडे दातेरी कोळपे आता फक्त माळ्यावर सापडते.

नाला_बांध यांना एक प्रश्न आहे. तीस हेक्टरांचा हिशेब फळ्यावर लिहिल्याने ज्याचा ऊस आहे तो एकटा पडतो आणि गावात तट पडतात. बंदीखेरीज वाटपाचा काही मार्ग कोणी यशस्वीपणे राबवला आहे का?

नाला_बांध

राबवला आहे, आणि तोही पन्नास वर्षांपूर्वी. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे देवस्थानची ओसाड जमीन खंडाने घेऊन पाणलोटाचे प्रयोग केले. १९७४ मध्ये ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा मुख्य नियम आजही धाडसी वाटतो: पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. पंचवीस एकरवाल्यालाही तेवढेच. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा, जो त्याला दुसऱ्याची जमीन वाट्याने कसून वापरता येईल. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस वर्ज्य. योजनेच्या खर्चातला २० टक्के हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा, म्हणजे फुकटची वस्तू म्हणून कोणी तिच्याकडे पाहणार नाही.

सगळ्या योजना टिकल्या नाहीत हे खरे. नगदी पिकांची ओढ वाढली, गटांची शिस्त सैलावली, २००२ मध्ये साळुंखे गेले. पण शिवारफेरींनी विचारलेला प्रश्न, म्हणजे श्रमदान केलेल्या भूमिहीनाला काय मिळाले, याला महाराष्ट्रात सरळ उत्तर देणारा प्रयोग तोच आहे.

मेंढवाडा

इतका वेळ वाचत होतो. भूमिहीनांचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमचे घराणे मेंढपाळांचे. पाणलोटाच्या प्रत्येक कार्यक्रमात, इंडो-जर्मन कार्यक्रमापासून पुढे, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी या पहिल्या अटी असतात. डोंगर सावरायला त्यांची गरज आहे हे मी नाकारत नाही. चरांच्या भरावावर मेंढरे गेली तर भराव ढासळतो आणि उगवलेले रोप राहत नाही. पण बंदी ज्या दिवशी लागते त्या दिवसापासून नुकसान आमचे सुरू होते, आणि विहिरीला आलेले पाणी बागायतदाराला मिळते. शेळ्या-मेंढ्या विकून मजुरीला गेलेली कुटुंबे मी जवळून पाहिली आहेत, आणि त्यांना कोणत्याही ग्रामसभेने विचारले नव्हते, कारण ग्रामसभा भरते तेव्हा आम्ही दिवाळीनंतर कोकणाकडे उतरलेलो असतो.

संवर्धन गावाचे म्हणायचे असेल तर दोन गोष्टी कराव्यात. डोंगर एकदम बंद न करता तुकड्या-तुकड्यांनी बंद करावा आणि राखलेल्या तुकड्यातले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क ज्यांची चराई गेली त्यांना द्यावा. लिलाव करून ते दूधवाल्यांना विकू नये. दुसरे म्हणजे शेतात वाडा, म्हणजे मेंढरांचा रात्रीचा तळ, बसवण्याची जुनी रीत पुन्हा धरावी. रात्रभर मेंढरे बसली की लेंडीखत आणि मूत थेट शेतात पडते, आणि करडईताई ज्या ओलीबद्दल लिहितात ती धरून ठेवायला अशा खताइतके दुसरे काही नाही. पूर्वी त्या बदल्यात धान्य मिळे. आता शेतकरी खताची गोणी विकत आणतो आणि आम्हाला बांधावरून हाकलतो. दख्खनी मेंढी दुष्काळात तग धरते, तिला डाळिंबासारखे औषधपाणी लागत नाही. हवामान बदलाच्या चर्चेत तिचेही नाव यायला हवे.

माणदेशी

मेंढवाडा यांचा मुद्दा पहिल्यांदाच वाचतो आहे आणि तो मान्य करावा लागेल.

शेततळ्यांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून विचारतो. जालना जिल्ह्यातील कडवंचीचे उदाहरण नेहमी दिले जाते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे पाणलोटाचे काम झाले, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची साथ मिळाली आणि पुढे शेततळ्यांच्या बळावर द्राक्षे उभी राहिली. २०१२ च्या दुष्काळातही बागा टिकल्या. मग संरक्षित पाण्यासाठी प्रत्येकाने शेततळे केले तर उपशाचा वाद मिटणार नाही का?

मुरमाड

शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरले, तर ते लहान शेतकऱ्याचा खरा आधार आहे. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली ती याच हेतूने. पण प्रत्यक्षात बरीच मोठी, प्लास्टिक अंथरलेली तळी पावसाळ्याच्या अखेरीस विहिरीतून किंवा बोअरमधून भरली जातात. म्हणजे सर्वांच्या सामायिक साठ्यातले पाणी उचलून एकाच्या कुंपणाआड ठेवायचे. शिवाय आपल्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी वर्षभरात दीड मीटरहून अधिक खाली जाते. तीन मीटर खोल तळ्यातले निम्मे पाणी आभाळात गेले. जमिनीखाली ते सुरक्षित होते. कडवंचीच्या शेतकऱ्यांच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण एका पाणलोटात किती तळी, आणि ती कशाने भरायची, हे ठरवल्याशिवाय तो कित्ता सरसकट गिरवू नये.

कायद्याचा आधार हवा असल्यास तोही आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ मध्ये अमलात आला आणि त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंधांची तरतूद आहे. बोअरची गाडी रात्री गावात शिरते तेव्हा तो कोणाला आठवत नाही, एवढेच.

करडई

सारी चर्चा पावसाच्या कमतरतेभोवती फिरते आहे म्हणून दुसरी बाजू लिहिते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आमच्या जिल्ह्यात, बीड आणि सोलापुरातही, जो पाऊस कोसळला त्याने नदीकाठची शेतेच्या शेते खरडून नेली. सोयाबीन गेले ते एका हंगामाचे. माती गेली ती परत कधी येणार? त्या पावसात मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. ज्या बांधांना सांडवा, म्हणजे जादा पाणी जायची वाट, नीट काढलेला होता आणि बांधावर मारवेल गवत होते, तिथे पाणी गढूळ वाहिले पण बांध राहिला. ज्यांनी हातभर जमिनीच्या लोभाने बांध कोरून नांगरले होते, तिथून पाण्याने वाट काढली आणि खालच्या तीन शेतकऱ्यांच्या जमिनीत घळ पडली. वरच्याच्या हलगर्जीपणाचे नुकसान खालच्याला होते, म्हणून बांधाची दुरुस्तीही एकेकट्याची बाब राहू नये.

शिवारफेरी

सर्वांचे आभार. आमच्या ग्रामसभेत सरसकट बोअरबंदीचा ठराव आणला तर तो पडेल, हे मला आत्ताच दिसते आहे. सुरुवात कुठून करावी?

नाला_बांध

अख्ख्या गावापासून करू नका. एकाच ओढ्याच्या दोन्ही काठांवर ज्यांच्या विहिरी आहेत, असे वीस-पंचवीस शेतकरी घ्या, कारण त्यांचे पाणी बहुधा एकाच थरातले असते. ऑक्टोबरमध्ये रात्रभर मोटारी बंद ठेवून सकाळी सर्वांच्या विहिरींची पातळी टेपने मोजा आणि ती त्या काठावरच्या कोणत्याही एका भिंतीवर रंगाने लिहा. जानेवारीत आणि मार्चमध्ये पुन्हा मोजा. पहिल्या वर्षी काहीही बंद करायला सांगू नका. दुसऱ्या वर्षी एवढाच करार करा की नवे बोअर घ्यायचे नाही, आणि पावसाचा खंड वीस दिवसांपुढे गेला तर ज्याच्याकडे पाणी आहे त्याने शेजाऱ्याच्या खरिपाला एक पाणी द्यायचे. डिझेलचा किंवा विजेचा खर्च घेणाऱ्याने सोसायचा.

माणदेशी

एका ओढ्यापुरते असेल तर मी माझ्याकडे करून पाहीन. पण ओढ्याच्या उगमाकडचे मोठे बोअर ज्याचे आहे, तो गटात आला नाही तर खालच्या वीस जणांनी मोजमाप करून काय साधणार?

मेंढवाडा

त्याच्या शेतात आमचा वाडा दरवर्षी बसतो. बोलणी मी करून देतो. गवताचा तुकडा आम्हाला राखून ठेवण्याचे मात्र आधी कागदावर लिहा.